फेकायला जागा नसलेली नदी

गेल्या भाद्रपदात आमच्या घरी कुरिअरनं गांडुळं आली.

खोक्यावर ‘आत सजीव माल आहे’ असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. पण त्याच आठवड्यात बायकोनं मोदकाचे साचे मागवले होते, आणि साच्यांची वाट पाहणारी बाई खोक्यावरचा मजकूर वाचत बसत नाही. तिनं कात्रीनं चिकटपट्टी कापली, झाकण उघडलं, क्षणभर आत पाहिलं, झाकण तितक्याच शांतपणे लावलं आणि खोकं आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

“तुझे पाहुणे आलेत,” ती म्हणाली. “गणपती यायच्या आत यांची सोय बघ.”

गांडुळांना गारवा लागतो. आजवर ती आमच्या फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या शेजारी, गुण्यागोविंदानं राहत आली होती. त्यांना श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवण्याची चूक मी एकदाच केली. तेव्हापासून त्यांच्या डब्यावर लाल फुली असते आणि घरात माझ्या शब्दाला पूर्वीइतकं वजन नसतं. शेवटी तोडगा निघाला, की गौरी-गणपती घरात असेपर्यंत पाहुण्यांनी गॅरेजमध्ये राहायचं.

मला स्वतःला लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. मी राजापूर तालुक्यातल्या एका गावचा. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की गोठ्यामागची ओली माती चार बोटं उकरायची, करवंटी भरून काडू निघत. आम्ही गांडुळाला काडू म्हणतो. त्या मातीत वाढलेला माणूस आज वजनावर गांडुळं विकत घेतो, वर ती घरपोच आणण्याचे पैसे देतो, हे आजोबांना कळलं असतं तर त्यांनी मला मालमत्तेतून बेदखल केलं असतं. मालमत्ता म्हणजे अर्थात बांबूची एक काठी आणि पत्र्याचा एक डबा.

आता मी इंग्लंडात, बर्कशर परगण्यात राहतो. आमच्या घरापासून जवळच लॉडन नावाची नदी आहे. बेझिंगस्टोकपाशी उगम पावून, जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर चालून ती वॉरग्रेव्हजवळ टेम्सला मिळते. नदी म्हणायचं ते इंग्रजांच्या समाधानासाठी. आमच्या मासेमारी क्लबच्या वाट्याला तिचा जो फाटा आलाय, त्याला आमच्या गावी कोणी पऱ्याच म्हटलं असतं. सात-आठ पावलांची रुंदी, कमरेइतकं पाणी, कुठं कुठं छातीइतका डोह. आणि दोन्ही काठांवर असं रान माजलेलं, की पाणी दिसण्याआधी ऐकू येतं.

या नदीवर गळ टाकायचा तर आधी सरकारी परवाना काढावा लागतो. तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला तो लागतो. मग ज्याच्या मालकीचा काठ त्याची किंवा त्याच्या क्लबची परवानगी. मग नियम. १५ मार्च ते १५ जून नद्यांवर गोड्या पाण्यातली ही मासेमारी बंद, कारण ती माशांच्या विणीची वेळ. १६ जूनला हंगाम उघडतो. त्या दिवशी इथले म्हातारे पहाटे चारला थर्मास घेऊन काठावर हजर असतात, वारीला निघाल्यासारखे. मी हे आईला फोनवर सांगितलं, तेव्हा बंदीचं तिला काहीच नवल वाटलं नाही. आपल्या किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक होड्या दर्याला लागत नाहीतच. ती अडली ती परवान्यावर.

“गळाला पण लायसन?”

“हो.”

“आणि काडवांना?”

तिला म्हटलं, काडवांना अजून नाही.

गांडुळं नेहमी विकतचीच आणतो असं मात्र नाही. इथल्या हिरवळीत लॉबवर्म नावाचं वीतभर लांब गांडूळ असतं. पावसाळी रात्री ते निम्मं बाहेर येऊन गवतावर पसरतं, पण शेपटी बिळातच रोवून ठेवतं. विजेरीला लाल कागद लावायचा, अनवाणी जायचं, श्वास रोखून वाकायचं आणि चिमटीत धरायचं. पाऊल जरा जड पडलं की सगळी हिरवळ एका क्षणात रिकामी होते. धरलं तरी लगेच ओढायचं नाही, नाहीतर तुटतं. ते दमेपर्यंत नुसतं धरून बसायचं. एका रात्री साडेअकराला मी असा गुडघ्यांवर बसलेला असताना शेजाऱ्यांनी वरच्या खिडकीतून अदबीनं विचारलं, “काही हरवलंय का?” मी म्हटलं, “नाही, सापडतंय.” त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. इंग्लंडात शेजारधर्म म्हणतात तो हाच.

या देशात गांडुळांसाठी गुडघ्यांवर बसणारा मी पहिला नव्हे, हा एक दिलासा आहे. केंटमधल्या डाऊन हाउस या आपल्या घरी चार्ल्स डार्विननं कितीतरी वर्षं गांडुळांचा अभ्यास केला आणि १८८१ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, गांडुळांवरच आपलं शेवटचं पुस्तक काढलं. त्यानं कुंड्यांतली गांडुळं दिवाणखान्यात आणून ठेवली. बायकोनं त्यांच्यापुढं पियानो वाजवला, मुलानं बसून नावाचं भलं मोठं वाद्य फुंकलं. गांडुळं ढिम्म. मग कुंडी थेट पियानोवर ठेवून सूर लावला, तशी ती बिळात पळाली. म्हणजे गांडुळाला कान नाहीत, पण हादरा कळतो. कागदाचे त्रिकोण कापून दिले, तर बरीचशी गांडुळं ते निमुळत्या टोकाकडून धरून बिळात ओढू लागली. त्यावरून डार्विननं मान्य केलं की यांना थोडीफार अक्कल आहे. आपल्याकडे गांडूळ शाळेत शेतकऱ्याचा मित्र असतं आणि शाळा सुटली की कणा नसलेल्या माणसाला द्यायची शिवी होतं. ज्या माणसानं आपल्या सगळ्यांचं कूळ शोधून काढलं, तो शेवटी गांडुळांपाशी बसला, हे मी बायकोला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “त्याच्या बायकोनं पियानो वाजवला असेल, पण फ्रिज दिला नसेल.”

डार्विनच्या काळात फ्रिज नव्हता, हे मी बोललो नाही.

या नदीवर मी पहिल्यांदा गेलो तो पूर्ण तयारीनं. बारा फुटी रॉड, चकचकीत रीळ, खिसेच खिसे असलेलं जाकीट. मासेमारीची जी चित्रं डोक्यात होती, त्यांत माणूस रुंद पाण्यात उभा राहून रॉड मागं नेतो आणि दोरी आकाशात वळणं घेत लांबवर जाऊन पडते. मीही रॉड मागं नेला. तो मागंच राहिला. पाठीशी अल्डरची फांदी होती, तिनं गळ धरून ठेवला. सोडवून पुन्हा फेकला, तर तो समोरच्या विलोवर जाऊन बसला. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचा सख्खा भाऊ. पाण्यावर ओणवं होऊन उभं राहायची दोघांचीही खोड. महिन्याभरात त्या झाडावर माझे सात गळ, दोन लाल तरंगे आणि पुष्कळसा तंगूस लोंबकळू लागला. दिवाळी आली तेव्हा त्याला फक्त दिवे लावायचे बाकी होते.

आमच्या क्लबात एक आजोबा आहेत, वय ऐंशीच्या पुढं. ते माझा हा तमाशा दोन-तीन शनिवार पाहत होते. चौथ्या शनिवारी म्हणाले, “तुम्ही फार लांब बघता. इथं फेकायचं नसतं. सोडायचं असतं.” आणि त्यांनी काठीनं माझ्याच पायांपुढची जागा दाखवली. काठाखाली पाण्यानं माती खाल्ली होती, अल्डरची मुळं उघडी पडून जाळीसारखी लोंबत होती आणि त्यांच्या खाली काळं, शांत पाणी होतं. सगळे मासे तिथं. मी महिनाभर त्यांच्या डोक्यावर उभा राहून पलीकडच्या झाडाला गळ लावत होतो.

लांब फेकण्याचा हा आजार माझ्यापुरता नाही. आमची सगळी पिढीच लांब फेकण्यासाठी तयार केलेली. गावातून तालुक्याला, तालुक्यातून मुंबईला, मुंबईहून इथं. जो जितका लांब जाऊन पडेल तितकं घराण्याचं कौतुक. पायाखाली काय आहे ते बघ, असं कोणी म्हटलं तर ते फक्त साप निघाल्यावर.

क्लबातल्या आजोबांनी मला ज्या पद्धतीचा रस्ता दाखवला, तिला ड्रॉपशॉट म्हणतात. ती जपानातून अमेरिकेत गेली आणि तिथून फिरत फिरत इथं आली. दुकानात तिच्यासाठी वेगळी भिंत असते. मीही सगळं घेतलं. सहा फुटी हलका रॉड, ज्याचं टोक गवताच्या पात्यासारखं लवतं. बारीक गळ. तीन-चार ग्रॅमची वजनं. वजनं शिशाची नव्हेत. किनाऱ्यावर सांडलेलं शिसं खाऊन हंस मरू लागले, म्हणून इथं १९८७ पासून लहान शिशांवर बंदी आहे. म्हणून टंगस्टनची, सोन्याच्या भावानं.

रचना साधी आहे. नेहमीच्या गळात वजन वर असतं आणि गळ खाली. इथं उलटं. दोरीच्या पार टोकाला वजन, आणि त्याच्या हातभर वर, दोरीच्या मधेच, गळ. तो पॅलोमार नावाच्या गाठीनं असा बांधायचा की आडवा, अणकुची वर करून उभा राहावा. गाठीचं उरलेलं टोक पुन्हा गळाच्या डोळ्यातून खाली ओवायचं आणि त्याला वजन लावायचं. वजन तळाला टेकतं, दोरी ताठ होते, आणि गांडूळ मधल्या पाण्यात अधांतरी तरंगत राहतं. रॉडचं टोक मनगटानं नुसतं थरथरवायचं. वजन जागचं हलत नाही, गांडूळ मात्र नाचतं.

यातली खुबी कळायला मला एक अख्खा हंगाम लागला. रान माजलेल्या नदीत माशाची जागा म्हणजे घमेल्याएवढा खळगा. दुसरं कुठलंही आमिष फेकून ओढत आणलं तर ते त्या खळग्यासमोरून दोन सेकंदांत निघून जातं. मासा विचार करेपर्यंत संधी गेलेली असते. हे गांडूळ जात नाही. ते माशाच्या दारात उभं राहून पाच मिनिटं, दहा मिनिटं नुसतं अंग हलवत राहतं. पुढं न सरकता जिवंत दिसायचं. ऑफिसात ही कला मी तीस वर्षं केली, पण तिला स्वतःची काठी आणि स्वतःचं दुकान असतं हे ठाऊक नव्हतं.

दुसरी खुबी वजनाची. त्याच्या डोक्यावर एक बारीक चिमटा असतो. दोरीला गाठ मारायची नाही, ती चिमट्यात नुसती अडकवायची. खाली दगडात, मुळात वजन रुतलं आणि ओढ लागली, की चिमटा सुटतो. वजन नदीला मिळतं, गळ आणि गांडूळ आपल्याला परत मिळतात. ज्यानं ही युक्ती काढली त्यानं संसार केलेला असणार.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर ही गाठ मारत बसलो होतो. वजन संपलेलं, म्हणून सायकलच्या डब्यातला एक नट घेतला आणि दोरीच्या टोकाला लावला. दिव्यासमोर धरून पाहिला, आणि हात तिथंच थांबला.

हे मी पाहिलेलं होतं. आमच्या पऱ्यावर केवड्याच्या बनाखाली एक कोंड होती. वर करंजाची सावली, आत शिरायला फक्त मुलांना आणि म्हाताऱ्यांना जमेल एवढी वाट. आजोबा तिथं गरवायला बसत. बांबूच्या काठीला तंगूस, तंगुसाच्या टोकाला गंजलेला सायकलचा नट, आणि त्याच्या वीतभर वर गरी. मी एकदा त्यांना विचारलं होतं की गरी खाली का नाही. ते म्हणाले, “खाली सोडलीस तर कुर्ली खाते काडू. मासा वर बघतो.” एवढंच. मग त्यांनी काठी हलकेच हलवली, जणू झोपलेल्या मुलाचा पाळणा हलवावा तशी.

म्हणजे जपान, अमेरिका, टंगस्टन आणि सहा फुटी रॉड असा सगळा प्रवास करून मी पुन्हा त्याच नटापाशी आलो होतो. मागाहून कळलं की इंग्रजांनाही हे नवं नाही. टोकाला वजन आणि वर गळ, या रचनेला ते जुन्या काळापासून पॅटरनॉस्टर म्हणतात. म्हणजे त्यांची जपमाळ. दोरीवर ओळीनं गळ आणि मणी, म्हणून हे नाव. आजोबांच्या हातातही कायम जपमाळ असे, पण ती घरी. कोंडीवर जाताना ते ती खुंटीला टांगून ठेवत आणि काठी घेत.

कुर्लीची भीतीही इथं तशीच आहे. फक्त कुर्लीच्या जागी क्रेफिश. नांग्या उगारून चालणारा, कोळंबीचा गुंड चुलतभाऊ. हे सिग्नल क्रेफिश मूळचे अमेरिकेचे. १९७० च्या दशकात इथं शेतीसाठी आणले, ते तळ्यांतून निसटले आणि नद्यांतून पसरले. सोबत आणलेल्या रोगानं त्यांनी इथल्या देशी क्रेफिशचा जवळजवळ खातमा केला. लॉडनच्या तळाशी गांडूळ टेकवलं, तर मिनिटाभरात नुसता गळ उरतो. हातभर वर तरंगतं ठेवलं, की खालची मंडळी नांग्या वर करून बघत बसतात. आजोबांचं शास्त्र सात हजार किलोमीटरवर, परक्या खेकड्यांच्या बाबतीतही, तंतोतंत खरं निघालं.

आता काठावरच्या रानाबद्दल. त्यात काटेरी ब्लॅकबेरी आहे, अंगाला लागताच आग पेटवणारी नेटल आहे. पण सगळ्यांच्या वर, माणसापेक्षा उंच, गुलाबी फुलांनी लगडलेली जी झाडी आहे, तिनंच नदी झाकून टाकली आहे. मी पहिल्या वर्षी ती पाहिली आणि म्हटलं, हा तर तेरडा!

आणि तो खरंच तेरडा होता. आपल्या अंगणातला नव्हे, पण त्याच कुळातला, हिमालयातला. १८३९ साली कोणा हौशी माणसांनी बागेची शोभा म्हणून तो इंग्लंडात आणला. त्याच्या शेंगा पिकल्या की नुसत्या स्पर्शानं फुटतात आणि बी सात मीटरपर्यंत उडवतात. लहानपणी आपण सगळ्यांनी तेरड्याच्या शेंगा चिमटीत फोडल्या आहेत. इथं तो खेळ नदीकाठानं स्वतःच सुरू ठेवला. बी पाण्यात पडली, पाण्यानं खाली नेली, आणि बागेचा पाहुणा काठाचा मालक झाला. हिवाळ्यात तो मरतो, काठ उघडे पडतात, माती वाहून जाते. आता त्याला आवरायला २०१४ साली हिमालयातूनच एक तांबेऱ्याची बुरशी मुद्दाम आणून सोडली आहे. एक पाहुणा आवरेना, म्हणून त्याच्याच गावचा दुसरा बोलावला. लग्नघरात करतात तसंच.

दर आषाढात आमचा क्लब तेरडा उपटायचा कार्यक्रम करतो. शेंगा धरायच्या आत ही मोहीम करावी लागते. गेल्या वर्षी मीही गेलो. पन्नास-साठ गोऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत मी एकटाच असा, की ज्याच्या हाताला ते रोप ओळखीचं. “मुळासकट उपटा,” क्लबातले आजोबा ओरडून सांगत होते. “मूळ मोडता कामा नये!” मी पहिलं रोप धरलं आणि ओढलं. मूळ उथळ असतं, सहज आलं. लालसर, मातीनं माखलेलं, बोटं पसरल्यासारखं.

आमच्या घरी गौर तेरड्याची असते. पाणवठ्यावरनं तेरड्याची रोपं आणायची, ती मुळासकटच, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. आजीनं मला हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत: मूळ मोडता कामा नये. मी ते रोप हातात धरून उभा राहिलो. खाली कुठं ठेवावं ते कळेना. रेशमी वस्त्राशिवाय, हळदीकुंकवाशिवाय, तेरड्याची मुळी जमिनीवर कशी टाकायची? क्लबातल्या आजोबांना वाटलं मला चमक भरली. त्यांनी जवळ येऊन विचारलं, तेव्हा मी सांगितलं की आमच्याकडे ही देवी आहे. दोन महिन्यांनी आम्ही हिची पूजा करतो, पुरणपोळी करतो, आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडतो.

ते बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पाण्यात मात्र सोडू नका हं.”

घरी न्यायचं तर तेही नियमात नव्हतं. उपटलेलं रोप तिथंच ठेचून ढीग करायचा. मी पहिल्या रोपाला मनोमन नमस्कार केला आणि ते ढिगावर, पण अगदी वर, उभं ठेवलं. पुढच्या दोनशे रोपांना ते जमलं नाही. घरी आलो तेव्हा हात हिरवे झाले होते. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “दोनशे गौरी विसर्जन करून आलास. आता यंदाच्या आपल्या गौरीला काय तोंड दाखवणार?”

तरी त्या झाडीत बसायला मला बरं वाटतं, हे कबूल करायला हवं. जपानी पद्धत, अमेरिकी क्रेफिश, हिमालयातला तेरडा आणि राजापूरचा माणूस. या फाट्यावर पिढीजात हक्क सांगू शकेल असा फक्त पर्च. आणि खंड्या. निळ्या पाठीचा तो इवलासा खंड्या मात्र दोन्हीकडचा. आमच्या केवड्याच्या बनात बसणारा आणि लॉडनच्या अल्डरवर बसणारा, एकाच जातीचा पक्षी. त्याला कोणी परवाना विचारत नाही. तोही लांब फेकत नाही. फांदीवरून सरळ खाली.

पर्च हा मासा बघण्यासारखा. हिरवट सोनेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, पोटाखालचे पर कुंकवाच्या रंगाचे, आणि पाठीवर काट्यांचा पंखा. चिडला की तो पंखा उभारतो. आयझॅक वॉल्टन नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्यानं १६५३ साली मासेमारीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात पर्च हा बेधडक चावणारा मासा असं म्हटलंय आणि त्याच्यासाठी सांगितलेल्या मोजक्या आमिषांत गांडूळ आहे. पावणेचारशे वर्षांत दोघांच्याही स्वभावात फरक पडलेला नाही.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, त्याच्या पुढच्या शनिवारी मी पहाटे गॅरेजमधून पाहुण्यांना उचललं आणि नदीवर गेलो. तेरडा पिकलेला होता. वाट काढताना खांदा लागेल तिथं शेंगा फटाफट फुटत होत्या, टोपीवर बी उडत होतं. क्लबाला कळलं तर माझं सदस्यत्व जाईल. अल्डरच्या मुळांपाशी पोटावर पालथा पडलो, रॉडचं टोक झाडीतल्या एका भोकातून बाहेर काढलं आणि गांडूळ सरळ खाली सोडलं. वजन टेकलं. दोरी ताठ झाली. मनगट हलवायला लागलो.

काही झालं नाही. पुष्कळ वेळ काही झालं नाही. एक पान तरंगत आलं, दोरीला अडलं, विचार केला आणि गेलं. खंड्यानं एक फेरी मारली. माझ्या मनात एक जुनाच प्रश्न येऊन बसला: श्रावणात मासे खायचे नाहीत हे ठीक, पण धरून सोडून दिलेले चालतात का? हा प्रश्न मी एकदा गावच्या भटजींना विचारला होता. ते म्हणाले, शास्त्रात इतका बावळटपणा गृहीत धरलेला नाही.

तेवढ्यात रॉडच्या टोकाला दोन टिचक्या बसल्या. टक, टक. दारावर कोणी बोटाच्या पेरानं वाजवावं तशा. आजोबा म्हणायचे, पहिल्या हाकेला उठायचं नाही. मी थांबलो. मग टोक सावकाश खाली वाकायला लागलं, आणि मी नुसता हात उचलला.

ओढ मोठी नव्हती, पण जिद्दीची होती. मुळांकडे घुसायची त्याची धडपड, बाहेर काढायची माझी. जागा दोघांनाही नव्हती. शेवटी तो वर आला, पंखा उभारून, डोळे वटारून. दीड वीत. हात पाण्यात भिजवून त्याला धरला, बिनकाट्याचा गळ सहज सुटला. आमच्या क्लबाचा नियम असा की मासा परत सोडायचा. तो क्षणभर माझ्या ओंजळीत पाणी पीत उभा राहिला, मग एक झटका देऊन गेला. लांब नाही. ज्या मुळाखालून आला होता त्याच मुळाखाली, हातभर अंतरावर.

काठावरूनच आईला फोन लावला. तिकडे दुपार झालेली.

“मिळाला?”

“मिळाला. दीड वीत.”

“मग कालवण?”

“सोडला.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “मग धरलास कशाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन-तीन बनवली होती, निसर्गाची, संवर्धनाची, पण आईसमोर त्यांतलं एकही टिकलं नसतं. म्हटलं, “आजोबा आणायचे तसे इथं आणता येत नाहीत गं.”

आई हसली. “आजोबा? आजोबा आणायचे व्हय? ते दिवसभर बसून दोन बोटांएवढे चार आणायचे, ते मांजरालाच. ते काडवांचा डबा घेऊन बाहेर पडले की तुझी आजी मासेवालीला निरोप धाडायची.”

मी दोरी गुंडाळली. शेवटच्या ओढीला वजन मुळात अडकलं. जरा ताण दिला, चिमटा सुटला, गळ मोकळा होऊन हातात आला. उरलेली गांडुळं काठाच्या ओल्या मातीवर ठेवणार होतो, पण ती परदेशी, म्हणून पुन्हा डब्यात भरली.

घरी पोचलो तर स्वयंपाकघरात नारळ खवल्याचा वास. ओट्यापाशी, पाण्याच्या पातेल्यात, सुरमईचं गोठलेलं पाकीट सुटं होत पडलेलं होतं. पार मऊ झालं होतं. मी निघालो तेव्हाच बाहेर काढलं असणार.

बायकोनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. फ्रिजचा खालचा कप्पा उघडला, कोथिंबीर बाजूला सरकवली आणि डब्यासाठी जागा केली.